पुडीबरोबरचं पाणी

३ मार्च
वजनकाट्यामागची खोली

ताई,

नमस्कार वगैरे पोचला असं धर, कारण आधी मला भांडायचंय. तुझ्याशी नाही गं, त्या तुझ्या डॉक्टरशी. लघवीला जळजळ होते हे सांगायला तू चार दिवस धीर गोळा करतेस, आणि तो मान वर न करता म्हणतो, "स्वच्छता ठेवत जा"? तू? चमचा दोनदा धुतल्याशिवाय तोंडाला न लावणारी तू? आणि मग लिहून काय दिलं, तर मागच्याच गोळ्या, ज्यांनी तुला तीन दिवस ओकायला लावलं होतं. नमुना नाही, तपासणी नाही, चला, पुढचा पेशंट. मी तिथे असते ना, तर त्याची ती फिरती खुर्ची अशी गरगरवली असती की त्यालाच ओकारी आली असती.

घेऊ नकोस त्या गोळ्या. सोबत पुडी पाठवतेय. घाबरू नकोस, यात जादूटोणा काही नाही. मक्याच्या कणसावर रेशमासारखे केस असतात ना, त्या शेंड्या वाळवून कुटलेल्या आहेत, आणि थोडे जव. मी हल्ली जिच्या हातगाडीला धक्का देते ती काढेवाली मावशी हे विकते. खोकल्याला ज्येष्ठमध, घशाला मिठाच्या गुळण्या (त्याचे पैसे घेत नाही, मीठ घरचंच वापरा म्हणते), पोटाला पुदिना, आणि बायका गाडीच्या दुसऱ्या बाजूने येऊन हळू आवाजात मागतात ते हे.

मला हे गिऱ्हाइकाच्या तोंडून नाही, स्वतःच्या अंगावरून ठाऊक आहे. जानेवारीत मलाही झालं होतं. मावशीने मोठं पातेलं भरून पाणी उकळलं, त्यात चमचाभर टाकलं, गाळलं, आणि म्हणाली, हे सगळं संध्याकाळपर्यंत संपव. मी काट्यामागे पाय पसरून बसले, प्यायले, धावले, पुन्हा प्यायले. वीस वेळा तरी धावले असेन. तिसऱ्या दिवशी मी ठणठणीत. आता सांग, कशाला हवा तो खुर्चीवाला?

मावशी पुडी बांधण्याआधी प्रत्येकीला तीन प्रश्न विचारते. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, सोडत नाही. ते तुला शेवटी लिहिते, आधी हे ऐक नाहीतर विसरेन. इथल्या काटेवाल्याने एक बदक पाळलंय. ट्रक काट्यावर चढला की बदकही चढतं आणि मधोमध बसकण मारतं. काल एक ड्रायव्हर खाली उतरून म्हणतो, बदकाचं वजन वजा करा. काटेवाला म्हणतो, माझा काटा वीस किलोच्या खालचं बोलतच नाही. ड्रायव्हर म्हणतो, मग माझाही शब्द ऐकू येत नसेल त्याला! दोघं अर्धा तास भांडले, मागे नऊ ट्रक हॉर्न देतायत, आणि बदक झोपलं. खरंच झोपलं, मान पंखात घालून. मी हसून हसून

कागद संपला, कडेला लिहितेय. पुडी घे म्हणजे झालं.

भिंगरी


१२ मार्च

भिंगरे,

पुडी शनिवारी मिळाली. रविवारी सुट्टी होती म्हणून तू लिहिलंस तसं पातेलंभर करून दिवसभर घेतलं. खोटं कशाला बोलू, संध्याकाळपर्यंत जळजळ निम्म्यावर आली. कितीतरी दिवसांनी नीट झोपले. सोमवारपासून माझ्या सोयीने घेतेय.

कारखान्यात नवा मुकादम आलाय. मी अजून अंगठेच शिवते, माझ्या शेजारची करंगळ्या शिवते, तिला आम्ही करंगळीवालीच म्हणतो. बत्तीस बाया मिळून दिवसाला किती हातमोजे काढतो ते ऐकून तुला चक्कर येईल. तर या नव्याने खिळ्याला एक लाकडी पट्टी टांगलीय. संडासला जायचं तर पट्टी घेऊन जायचं, आणि एका पाळीत एकीने एकदाच. दुसऱ्यांदा उठलीस की फळ्यावर लाल खडूने तुझा नंबर. तीनदा नंबर लागला की पुढच्या महिन्यात नको येऊस. करंगळीवाली म्हणते, यांनी हातमोज्यांऐवजी बुचं बनवायला हवी होती.

बदकाची गोष्ट तिला वाचून दाखवली, तिला ठसका लागला हसून. पण बाई, ते तीन प्रश्न राहिलेच ना! कुठले ते? परवापासून अंगात कणकण आहे. पाठ उजवीकडून धरलीय, बरगडीच्या खाली. बसून बसून असेल. की औषधाने आतली घाण बाहेर पडतेय म्हणून असं होतं? तसं असेल तर पुडी चालूच ठेवते. तुझ्या भाऊजींना बोलले नाहीये, उगीच काळजी करतात.

लवकर लिही. तुझं लवकर म्हणजे काय ते मला माहीत आहे, तरी.

ताई


१७ मार्च
इस्पितळ, दुसरा मजला

भिंगरी,

मी पत्रं लिहीत नाही हे तुला माहीत आहे. तुझ्याकडे फोन नाही, म्हणून हे.

शनिवारी तुझ्या ताईला असं काही हीव भरलं की पलंगाचे पाय जमिनीवर वाजत होते. ताप एकशे चारच्या वर. मला म्हणाली, उतरेल, घाण बाहेर पडतेय. उचलून रिक्षात घातलं. इथल्या डॉक्टरबाई म्हणाल्या, संसर्ग मूत्रपिंडात गेलाय, आणखी एक दिवस घरी काढला असता तर रक्तात पसरला असता. तीन दिवस शिरेतून औषध चाललंय. बाईंनी विचारलं, घरी काय घेत होत्या? शिवणाच्या डब्यात तुझी पुडी सापडली. हे काय आहे म्हणाल्या. मी पुडी त्यांच्या हातात दिली.

मी लिफ्ट दुरुस्त करतो. दोर झिजला तर बदलतो, त्याला लेप लावत बसत नाही. आत माणसं असतात.

तुझं कुठे काही बिनसलं की तू गाव बदलतेस. तिला तसं करता येत नाही. एवढं तरी ध्यानात ठेवून सल्ले देत जा. इतक्यात येऊ नकोस. आलीस तर माझ्या तोंडून काय निघेल याची मला खात्री नाही.

भाऊजी


२४ मार्च

ताई,

मी आज परत आले. नऊ दिवस नव्हते. मिठाच्या ट्रकवर बसून दीपगृह बघायला गेले होते. कुणी विचारलं तर म्हणते, सहज. दारात दोन पत्रं पडलेली, तुझं खाली आणि भाऊजींचं वर. वरचं आधी वाचलं.

काट्यावरच्या फोनवरून घरी फोन केला. भाऊजी म्हणाले, ताप उतरलाय, आणि ठेवून दिला. बरोबर केलं त्यांनी. मी पण माझ्याशी बोलले नसते.

मावशीला दोन्ही पत्रं वाचून दाखवली. ती जव चाळत होती. चाळण तशीच हातात धरून म्हणाली, "प्रश्न विचारलेस?"

म्हटलं, "पत्राच्या शेवटी लिहिणार होते."

"मग शेवटी काय लिहिलंस?"

"बदकाचं."

ताई, तिने चाळण आपटली. सगळे जव खोलीभर. एवढीशी बाई, पण काटेवाला धावत आला, त्याला वाटलं ट्रक पलटी झाला. म्हणाली, "चाळीस वर्षं मी हे विकते आणि चाळीस वर्षं निम्मी गिऱ्हाइकं माघारी पाठवते. माघारी पाठवणं हेच माझं काम आहे गं सटवे! पुडी तर कुणीही बांधेल!"

मग मला उभं करून एकेक प्रश्न म्हणायला लावला, शाळेत पाढे म्हणायला लावतात तसा. ताप किंवा हीव आहे का? पाठीत, बरगडीखाली दुखतं का? पोटात मूल आहे का? तिन्हींपैकी एकाला जरी हो म्हटलं, तर पुडी नाही, सरळ इस्पितळ, त्याच दिवशी. आणि तिन्हींना नाही म्हटलं तरी दोन दिवसांत उतार पडला नाही तर नमुना घेऊन तपासणीला. बस. एवढंच होतं. चार ओळींत मावलं असतं. माझ्या हाताला बदक सापडलं, या चार ओळी सापडल्या नाहीत.

घाण बाहेर पडत नव्हती ताई. ती आत चढत होती. आणि हे मला ठाऊक होतं, रोज दहा बायकांना मावशी विचारताना मी ऐकत होते. इतका राग आलाय ना, पण करायचं काय त्याचं? डॉक्टरवर काढायला सोपा होता.

तुझ्यावरही आलाय, आता आजारी आहेस म्हणून गप्प बसणार नाही. रविवारी तुला आराम पडला होता ना? मग सोमवारी असं काय झालं? "माझ्या सोयीने घेतेय" म्हणजे काय? पातेलंभर पाणी पीत होतीस ना? खरं लिही. मावशी पण विचारतेय, आणि तिचा डोळा चुकवणं मला जमत नाही.

येऊ का? भाऊजींनी दारातून हाकललं तर जिन्यात बसेन.

भिंगरी


३१ मार्च
घर

भिंगरे,

घरी आले कालच. येऊ नकोस अजून. आलीस तर रडशील, मग मला तुझी समजूत घालावी लागेल, आणि तेवढी ताकद नाही माझ्यात.

खरं लिही म्हणतेस, तर लिहिते. रविवारी पातेलं, सोमवारपासून मध. पुडी मधात कालवून चाटायची आणि वर दोन घोट पाणी. पातेलंभर पिऊन मी जाणार कुठे? पहिल्या दोन तासांत माझी एक खेप संपली असती, आणि उरलेले सहा तास मांड्या आवळून अंगठे शिवले असते. म्हणून पाणी काढून टाकलं आणि औषध ठेवलं. मला वाटलं गुण शेंड्यांत आहे, पाणी आपलं गिळायला.

डॉक्टरबाई माझ्या खाटेवर येऊन बसल्या. इस्पितळात कुणी असं बसतं हे मला ठाऊक नव्हतं. पुडी नाकाला लावून म्हणाल्या, "मक्याची शेंडी ना? माझी आत्या द्यायची." हसल्या नाहीत, ओरडल्या पण नाहीत. म्हणाल्या, या शेंड्यांनी किती फरक पडतो ते खात्रीने कुणालाच सांगता येत नाही. पण अगदी सुरुवातीला भरपूर पाणी पिणं आणि लागली की लगेच जाणं, याने मदत होते, तेवढ्यावर काहींचं थांबतंही. ते दोन्ही तुम्ही केलं नाहीत. आणि ताप आल्यावर मात्र पुडी काय, पाण्याची टाकी प्यायलात तरी भागलं नसतं, तेव्हा प्रतिजैविकच लागतं. मी विचारलं, त्या आधीच्या गोळ्या घेतल्या असत्या तर? त्यांनी तपासणीचा कागद दाखवला. माझ्या अंगातल्या जंतूंना त्या गोळ्या लागूच पडत नाहीत. त्या खुर्चीवाल्याने नमुना घेतला असता तर तेव्हाच कळलं असतं. म्हणजे त्याच्यावरचा तुझा राग काही अगदीच फुकट नव्हता.

आता माझा राग ऐक. गेले पंधरा दिवस जो येतो तो एकच विचारतो. पाणी का नाही प्यायलीस? शेजारीण, नणंद, नर्स, तुझे भाऊजी. अगं एवढं साधं पाणी, ते का नाही प्यायलीस? जसं काही मला पाणी आवडत नाही! एकानेही विचारलं नाही की प्यायला दिलं का, आणि प्यायल्यावर जाऊ दिलं का. मी सांगायला लागले की माणसं खिडकीबाहेर बघतात.

आणि याच्यावर कडी ऐक. डॉक्टरबाईंनी चिठ्ठी दिली, की हिला दर दोन तासांनी जाऊ द्यावं, नाहीतर पुन्हा होईल आणि मूत्रपिंडाला कायमची इजा होईल. तुझे भाऊजी ती घेऊन कारखान्यात गेले. वरचा साहेब गोड बोलला. म्हणाला, बाईंना खास परवानगी देऊ, कधीही उठा. फक्त या कागदावर सही आणा. कागद माझ्यासमोर आहे, उतरवून देते: "मी घरगुती व अप्रमाणित औषध घेतल्यामुळे आजारी पडले. माझ्या आजाराचा कारखान्याच्या नियमांशी काहीही संबंध नाही."

तेरा तारखेला हजर व्हायचंय. सहीचा कागद असेल तर जागा आहे, नाहीतर नाही. भाऊजी म्हणतात, कर सही, तुझा जीव महत्त्वाचा. मी अजून पेन उचललेलं नाही.

ताई


६ एप्रिल

ताई,

सही कर.

त्यात खोटं काय आहे? पुडी मी पाठवली, प्रश्न मी गिळले. हवं तर माझं नाव घाल, लिही की अर्धवट शिकलेल्या, कुठेच न टिकणाऱ्या बहिणीने पाठवली. मला काय होणार? मी आज इथे, उद्या कुठे. तुला रोज तिथेच बसायचंय. तुझं मूत्रपिंड त्या कागदापेक्षा मोठं आहे.

मावशीला सांगितलं, तर तिने तोंड फिरवलं. म्हणाली, "माझ्या पुडीवर हे पाप ठेवतायत होय?" मी म्हटलं, ठेवू दे, पुडीला काय लागतंय! तर दोन दिवस बोलत नाहीये माझ्याशी. नसू दे.

परवा गाडीवर एक माणूस आला. बायकोसाठी पुडी हवी. मी विचारलं, ताप? म्हणाला, आहे थोडा. म्हटलं, मग नाही. तो म्हणाला, तू विकायला बसलीयस की परीक्षा घ्यायला? भरबाजारात मला नको नको ते बोलला. मी पण बोलले, त्याच्या दुप्पट. शेवटी रिक्षा थांबवून त्याला बायकोला आणायला पाठवलं आणि इस्पितळाच्या दारापर्यंत बरोबर गेले. तिचंही तेच निघालं. हे तुला शाबासकीसाठी सांगत नाहीये. तुझ्या वेळी हे केलं असतं तर, एवढंच मनात येतं.

सही कर आणि उठायची परवानगी घे. पाया पडते.

भिंगरी


१४ एप्रिल
कारखाना, जेवणाची सुट्टी

भिंगरे,

पाया काय पडतेस. तुझं पत्र वाचून जितका संताप आला तितका त्या साहेबाचा पण आला नव्हता. लहानपणी तू काचेचा कंदील फोडलास तेव्हा मी तुझ्यावरचा आळ माझ्यावर घेतला होता, ते परत करायला निघालीस की काय? तुझी चूक आहे, आणि ती मी तुला माफ केलेली नाही. सावकाश करेन, घाई नाही. पण ती तुझी आणि माझी गोष्ट आहे. त्या साहेबाने ती उचलून स्वतःचं दार पुसायचं, हे मी होऊ देणार नाही.

काल हजर झाले. साहेबाने पेन पुढे केलं. मी म्हटलं, वाचून सही करते. वाचला, आणि "काहीही संबंध नाही" वर काट मारली. तो म्हणाला, बाई, हे छापील आहे. मी म्हटलं, माझी लघवी छापील नाही. भिंगरे, मी हे मोठ्याने बोलले! कारकुनाने फाईल तोंडापुढे धरली. मग मी खालच्या कोऱ्या जागेत लिहिलं. अक्षर वाईट आलं. पण सगळं लिहिलं. बहिणीने पुडी पाठवली. तिने धोक्याची लक्षणं कळवली नाहीत. मी ती मधात घेतली. का, तर पाणी प्यायले असते तर उठावं लागलं असतं, आणि उठले असते तर फळ्यावर नंबर लागला असता. डॉक्टरने नमुना घेतला नाही. यातलं एक जरी वेगळं झालं असतं तर मी इस्पितळात गेले नसते. मग सही केली.

तो म्हणाला, अशी सही चालत नाही. मी म्हटलं, मग हा कागद डॉक्टरबाईंना देते, त्यांना चालेल. कागद घेऊन मी खाली आले, तर करंगळीवाली म्हणाली, दाखव. वाचला, आणि माझ्या सहीखाली तिने तिची केली. तिलाही दोनदा झालंय, कुणाला बोलली नव्हती. संध्याकाळपर्यंत माझी सोडून अकरा सह्या झाल्या. बाकीच्या वीस जणींनी नाही केल्या. मी कुणाला आग्रह केला नाही. दोघी मात्र जवळ येऊन पुटपुटल्या, आम्हाला पण होतं. आता तो कागद वर गेलाय. एक नक्कल डॉक्टरबाईंकडे. तुझे भाऊजी पहिल्यांदा चिडले, मग स्वतःच जाऊन नक्कल काढून आणली.

काय होईल ते माहीत नाही. आज तरी मशीनवर बसवलंय. खास परवानगी कुणी दिलेली नाही, आणि नाहीही म्हटलेलं नाही. मुकादम फळ्याजवळ खडू घेऊन उभा आहे. माझ्या मशीनखाली दोन लिटरची बाटली आहे, सकाळपासून अर्ध्याहून जास्त संपवली. नुसतं पाणी, त्यात काही टाकलेलं नाही. मावशीला सांग, तिच्यावर माझा राग नाही, शेंड्यांवर पण नाही.

सुट्टी संपल्याची घंटा झाली. सगळ्या बसल्या. मला आत्ता लागली आहे.

मी उठते.

ताई